मेश नेटवर्कमध्ये पत्ता कोण देतं आणि रस्ता कोण शोधतं?

तुमचा फोन घरच्या वाय-फायला जोडला की सगळ्यात आधी तो राउटरकडे एक पत्ता मागतो. राउटर १९२.१६८.१.७ असा काहीतरी आकडा त्याच्या हातावर ठेवतो आणि पुढचा कारभार त्या आकड्यावर चालतो. राउटरचा बाहेरच्या जगातला पत्ता इंटरनेट कंपनीकडून येतो. कंपन्यांना पत्त्यांचे गठ्ठे प्रादेशिक नोंदणी संस्थांकडून मिळतात, आपल्या भागासाठी ती संस्था म्हणजे एपनिक. एपनिकच्याही वर आयाना बसलेली आहे. थोडक्यात, वरून खाली वाटप.

आता ही सगळी उतरंड काढून टाका. कंपनी नाही, टॉवर नाही, मधला राउटर नाही. फक्त पन्नास-शंभर डिव्हाइस आहेत. प्रत्येकाला आसपासची दोन-चार डिव्हाइस ऐकू येतात आणि प्रत्येक जण दुसऱ्याचा निरोप पुढे पोचवायला तयार आहे. याला मेश नेटवर्क म्हणतात. पूर आला, वीज गेली, मोबाइल टॉवर गप्प झाले की या मेशची हमखास आठवण निघते. 'इंटरनेटशिवाय चॅट करा' असं सांगणारी अ‍ॅप्स आणि छोटी रेडिओ यंत्रं तेव्हा चर्चेत येतात.

मात्र मेश दहा लोकांत चालतं आणि पाचशे लोकांत का कोसळतं, हे फक्त अँटेना आणि बॅटरीवर ठरत नाही. दोन कंटाळवाण्या वाटणाऱ्या गोष्टी त्यात फार मोठा वाटा उचलतात: प्रत्येकाला पत्ता कसा मिळतो, आणि त्या पत्त्यावर पोचायचा रस्ता कसा सापडतो. या लेखात फक्त त्या दोन गोष्टी बघू.

नाव, पत्ता आणि रस्ता

आपल्याकडे कुणाला पत्ता विचारला तर तो काय सांगतो? 'मारुतीच्या देवळापासून उजवीकडे वळा, तिसरी गल्ली, पिठाच्या गिरणीसमोर.' खरं तर हा पत्ता नाही, रस्ता आहे. मी दुसऱ्या बाजूने येत असेन तर ही सगळी माहिती निरुपयोगी. उलट, लग्नपत्रिकेवर छापलेला पत्ता कुठूनही आलो तरी बदलत नाही. आणि 'कुलकर्णी सर' हे झालं नाव. सरांनी घर बदललं तरी ते कुलकर्णी सरच राहतात.

नेटवर्किंगमध्ये हा फरक जॉन शॉक यांनी १९७८ साली नेमकेपणाने मांडला. नाव म्हणजे कोण हवंय, पत्ता म्हणजे ते कुठे आहे, आणि रस्ता म्हणजे तिथे कसं जायचं. ऐकायला सोपं आहे. पण आपण रोज वापरतो तो आयपी अ‍ॅड्रेस पहिल्या दोन्ही गोष्टी एकदम करायला बघतो. तो डिव्हाइसची ओळखही असतो आणि ठिकाणही. तुम्ही घरच्या वाय-फायवरून मोबाइल डेटावर गेलात की ठिकाण बदलतं, म्हणून पत्ता बदलतो, म्हणून ओळखही बदलते आणि चालू असलेलं डाउनलोड तुटतं. घरात बसून आपण हे खपवून घेतो. मेशमध्ये मात्र इथूनच सगळी भानगड सुरू होते.

पिनकोडची युक्ती

आधी इंटरनेट इतकं मोठं कसं झालं ते समजून घेऊ. त्यासाठी पोस्टाचा पिनकोड हे उत्तम उदाहरण आहे. ही पद्धत १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाली. तिची कल्पना श्रीराम भिकाजी वेलणकर या पोस्ट खात्यातल्या मराठी अधिकाऱ्याची. ते संस्कृत कवीही होते.

४११०३० हा पुण्याच्या सदाशिव पेठेचा पिनकोड घ्या. गुवाहाटीच्या सॉर्टिंग ऑफिसला सदाशिव पेठ कुठे आहे हे माहीत असायची गरजच नाही. पहिला आकडा ४ बघितला की पत्र पश्चिमेकडच्या थप्पीत जातं. पुढे ४११ बघून पुणे. शेवटचे तीन आकडे फक्त पुण्यातल्या माणसाने बघायचे. म्हणजे देशातल्या प्रत्येक पोस्ट ऑफिसची यादी प्रत्येकाने बाळगायची नाही, तरी पत्र बरोबर पोचतं.

इंटरनेट हेच करतं. जगात अब्जावधी डिव्हाइस आहेत, पण इंटरनेटच्या कण्यावरचे मोठे राउटर आयपीव्ही४ साठी साधारण दहा लाख नोंदींवर भागवतात. कारण एक नोंद म्हणजे एक डिव्हाइस नसून पत्त्यांचा अख्खा गठ्ठा असतो. 'या आकड्यांनी सुरू होणारं सगळं त्या दिशेला पाठवा', एवढंच.

पण या युक्तीला दोन अटी आहेत. पहिली, कुणीतरी वरून शिस्तीत पत्ते वाटले पाहिजेत. दुसरी, वाटल्यानंतर मंडळींनी जागेवर बसून राहिलं पाहिजे. सदाशिव पेठ उद्या नागपूरला जाणार नाही, म्हणून पिनकोड चालतो.

मेशमध्ये दोन्ही अटी मोडतात. वाटणारा कुणी नाही, आणि नोड कुणाच्या तरी खिशात किंवा गाडीत आहे.

मग प्रत्येकाने आपापला पत्ता घ्यावा?

पहिला विचार हाच येतो. प्रत्येकाने डोळे मिटून एक आकडा उचलावा. तुमच्या लॅपटॉपला राउटरकडून पत्ता मिळाला नाही की तो हेच करतो. १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता कधी दिसला असेल तर तो असाच स्वतःहून उचललेला असतो. या गटात साधारण ६५ हजार पत्ते आहेत.

६५ हजार म्हणजे भरपूर वाटतात ना? गणित करून बघा. एकाच वर्गातल्या दोघांचा वाढदिवस एकाच दिवशी येण्याचा जो प्रश्न आपण शाळेत सोडवतो, तोच इथे आहे. फक्त ३०० नोडनी असे पत्ते उचलले तर कुठल्या तरी दोघांचा पत्ता सारखा निघण्याची शक्यता जवळपास ५० टक्के होते. एका खोलीत बसलेले लॅपटॉप 'हा पत्ता कुणाचा आहे का?' असं विचारून ही टक्कर टाळू शकतात. पण मेश दोन तुकड्यांत असेल तर विचारणार कुणाला? समजा दोन वाड्यांनी आपापलं मेश उभारलं, दोन्हीकडे १९२.१६८.१.७ आहे, आणि महिनाभराने मधल्या टेकडीवर कुणी एक नोड लावला. त्या क्षणी दोन्ही नेटवर्क एक होतात आणि एकाच पत्त्याची दोन घरं तयार होतात.

यावर निघालेला तोडगा मला फार आवडतो. पत्ता उचलायचाच नाही, बनवायचा. नोड सुरू होताना स्वतःसाठी किल्ल्यांची एक जोडी तयार करतो, एक गुप्त आणि एक जाहीर. जाहीर किल्लीवरून गणिताने आयपीव्ही६ पत्ता काढतो. आयपीव्ही६ पत्ता १२८ बिटचा असल्यामुळे दोघांचा पत्ता योगायोगाने सारखा येणं व्यवहारात घडत नाही.

सीजेडीएनएस या प्रकल्पात जाहीर किल्लीचा हॅश काढतात आणि तो 'एफसी' ने सुरू होत असेल तरच किल्ली ठेवतात, नाहीतर नवी बनवतात. सरासरी २५६ प्रयत्नांत जमतं, म्हणजे कॉम्प्युटरला चुटकीसरशी. यग्द्रासिल नावाच्या दुसऱ्या प्रकल्पात पत्ता थेट किल्लीच्या बिटांवरून येतो. किल्लीच्या सुरुवातीला किती शून्यं आहेत हा आकडा आधी लिहायचा आणि उरलेले बिट त्यापुढे बसतील तेवढे भरायचे. त्यामुळे जास्त शून्यांची किल्ली शोधण्यात कुणी जास्त वेळ घालवला, तर त्याच १२८ बिटांत त्याच्या किल्लीचा जास्त भाग मावतो आणि त्या पत्त्याची नक्कल करणं तेवढं अवघड होतं.

याचे फायदे बघा. पत्ता कुणाकडे मागावा लागत नाही, म्हणून कुणी तो काढूनही घेऊ शकत नाही. तुम्ही दापोलीहून दुबईला गेलात तरी पत्ता तोच राहतो. आणि 'मीच या पत्त्याचा मालक' हे सिद्ध करायला कुठलं सर्टिफिकेट लागत नाही, गुप्त किल्लीने सही केली की झालं. तोटाही लगेच सांगतो. गुप्त किल्ली हरवली की पत्ता गेला. तक्रार करायला कुणी नाही, कारण देणाराच कुणी नव्हता.

आता मुख्य अडचण. या पत्त्यात ठिकाणाची काहीही माहिती नाही. शेजारच्या दोन घरांचे पत्ते एकमेकांशी काडीचाही संबंध नसलेले असतात. पिनकोडमध्ये पहिला आकडा बघून दिशा कळत होती, इथे सगळे आकडे बघूनही काही कळत नाही. पत्ता होता तो नुसतं नाव झाला. मग पॅकेट पाठवायचं कुठल्या दिशेला?

उपाय पहिला: ओरडून सांगा

सगळ्यात सोपं उत्तर म्हणजे दिशा ठरवायचीच नाही. ऐकणाऱ्या प्रत्येकाने निरोप एकदा पुन्हा ओरडून सांगायचा. याला फ्लडिंग म्हणतात. मेशटॅस्टिक या लोकप्रिय लोरा-रेडिओ प्रकल्पात मूळ तत्त्व हेच आहे, थोडी शिस्त लावून. एकच निरोप कुणी दोनदा पुढे पाठवत नाही. प्रत्येक पॅकेटवर किती हॉप शिल्लक आहेत हा आकडा असतो, तो सहसा ३ ठेवतात आणि कमाल ७ ठेवता येतो. शिवाय ज्याला सिग्नल कमजोर ऐकू आला तो आधी बोलतो. कमजोर सिग्नल म्हणजे बहुधा तो लांब आहे, म्हणजे निरोप आणखी पुढे नेईल. त्याचं बोलणं ऐकलं की जवळचे गप्प बसतात.

हे चांगलं चालतं, पण किती जणांत? एक साधा हिशेब करू. लोरावर मेशटॅस्टिकची नेहमीची सेटिंग वापरली तर वेग सेकंदाला साधारण एक हजार बिट मिळतो. ५० बाइटचं छोटं पॅकेट सुमारे ०.६ सेकंद हवेत राहतं. समजा एकमेकांना ऐकू येणारे १०० नोड आहेत, प्रत्येक जण दर १५ मिनिटांनी 'मी इथे आहे' एवढंच सांगतो, आणि प्रत्येक निरोप आणखी १० जण पुन्हा सांगतात. १०० गुणिले ११ गुणिले ०.६ म्हणजे ६६० सेकंद. पंधरा मिनिटांत सेकंद असतात ९००. म्हणजे कुणी कामाचं एक अक्षरही बोललेलं नाही आणि हवेतला जवळपास तीन चतुर्थांश वेळ संपला! आणि एकाच वेळी दोघं बोलले तर दोघांचंही वाया जाण्याची शक्यता मोठी. पुरात अडकलेल्या माणसाचा निरोप या गोंगाटात हरवला तर दोष रेडिओचा नसतो.

म्हणूनच २.६ आवृत्तीपासून मेशटॅस्टिकने थेट एका व्यक्तीला जाणाऱ्या निरोपांसाठी पुढचा हॉप लक्षात ठेवायला सुरुवात केली. पहिल्यांदा ओरडायचं, पण उत्तर ज्याच्याकडून आलं त्याला लक्षात ठेवून पुढच्या वेळी फक्त त्यालाच सांगायचं.

उपाय दुसरा: सगळ्यांना सगळं माहीत

दुसरी तऱ्हा म्हणजे प्रत्येक नोडने नेटवर्कमधल्या प्रत्येक नोडसाठी एक नोंद ठेवायची. यात दोन घराणी आहेत.

एकात प्रत्येकाकडे अख्खा नकाशा असतो. कोण कुणाला जोडलंय हे सगळे सगळ्यांना सांगतात आणि प्रत्येक जण स्वतःपुरता सगळ्यात जवळचा रस्ता मोजतो. २००३ साली प्रमाणित झालेला ओएलएसआर या घराण्यातला. बर्लिनमधल्या फ्रायफुंक या लोकांनी उभारलेल्या नेटवर्कने तो गच्चीगच्चीवर चालवला. नेटवर्क काही शे नोडपर्यंत गेलं तेव्हा त्या काळच्या स्वस्त राउटरच्या प्रोसेसरला सतत बदलणारा नकाशा पुन्हापुन्हा मोजणं झेपेना. त्यातून त्यांनी २००६ च्या सुमारास बॅटमॅन हा नवा प्रोटोकॉल काढला. नकाशाच नको, एवढाच त्यामागचा विचार. प्रत्येक नोड ठरावीक वेळाने 'मी आहे' अशी हाक देतो. माझ्यापर्यंत ती हाक कुठल्या शेजाऱ्याकडून सगळ्यात चांगली येते एवढं मी लक्षात ठेवतो. त्याला निरोप पाठवायचा झाला तर त्याच शेजाऱ्याच्या हातात द्यायचा. पुढे तो काय करतो हा त्याचा प्रश्न. याची पुढची आवृत्ती, बॅटमॅन-अ‍ॅडव्हान्स्ड, २०११ पासून लिनक्स कर्नलचा भाग आहे.

दुसऱ्या घराण्यात शेजारी एकमेकांना फक्त अंतर सांगतात: 'माझ्याकडून अमक्याकडे जायला इतका खर्च येतो.' इथला जुना आजार म्हणजे गावातली अफवा. मी तुझ्याकडून ऐकलं, तू माझ्याकडून ऐकलंस, आणि मूळ माणूस कधीच गाव सोडून गेलाय. पॅकेट आपल्या दोघांत गोल फिरत राहतं. बेबेल हा प्रोटोकॉल यावर साधा नियम लावतो. त्या ठिकाणासाठी मी आजवर सांगितलेल्या सगळ्यात कमी अंतरापेक्षाही तुझं अंतर कमी असेल तरच मी तुझ्यावर विश्वास ठेवीन. म्हणजे माझंच बोलणं फिरून माझ्याकडे आलं तर ते या चाळणीत अडकतं. नियमामुळे कधी खरा रस्ताही नाकारला जातो, तेव्हा मूळ नोडकडून नवा क्रमांक मागवून पाटी कोरी करतात.

हे प्रोटोकॉल उत्तम आहेत. पण हिशेब बघा. नोड दुप्पट झाले की प्रत्येकाचं टेबल दुप्पट. हाका देणारे दुप्पट, त्या पुढे पोचवणारेही दुप्पट. बॅटमॅन-अ‍ॅडव्हान्स्डमध्ये हाक मुळात दर सेकंदाला असते. हजारभर नोड झाले की हवेतला बराच वेळ एकमेकांची हजेरी घेण्यातच जातो. म्हणूनच जर्मनीतल्या फ्रायफुंकच्या अनेक मंडळांनी एका मोठ्या मेशचे छोटे विभाग पाडले आणि विभागांमधला व्यवहार नेहमीच्या आयपी राउटिंगवर सोपवला.

गरज पडेल तेव्हाच रस्ता शोधायचा, असा एओडीव्हीसारखा मधला मार्गही आहे. बोलणारे कमी असतील तर तो स्वस्त पडतो. सगळेच बोलायला लागले की प्रत्येकाच्या शोधासाठी पुन्हा ओरडाआरडा, म्हणजे आपण पहिल्या उपायावर परत.

उपाय तिसरा: पिनकोड पुन्हा बनवा, पण आपोआप

यग्द्रासिलची कल्पना समजली तेव्हा मला हा विषय खऱ्या अर्थाने उलगडला. नॉर्स पुराणातल्या विश्ववृक्षाचं नाव त्याला दिलंय, ते कशासाठी हे आता कळेल.

सगळे नोड मिळून एक झाड बनवतात. सगळ्यांच्या किल्ल्यांची तुलना करून ठरलेल्या नियमाने एक नोड मूळ होतो. निवडणूक नाही, नेमणूक नाही, आकड्यांची तुलना फक्त. बाकी प्रत्येक नोड आपल्या एका शेजाऱ्याला पालक मानतो, आणि मुळापासून आपल्यापर्यंतचा वळणावळणाचा क्रम हे त्याचे निर्देशांक होतात. उदाहरणार्थ ३-१-५ म्हणजे मुळाच्या तिसऱ्या फांदीवर, तिथून पहिल्या, तिथून पाचव्या.

आता ३-१-५ ला ३-१-२-४ कडे निरोप पाठवायचाय. दोघांचा सुरुवातीचा ३-१ सारखा, तो सोडून द्या. माझ्याकडे उरला एक आकडा, त्याच्याकडे दोन. म्हणजे झाडावरून अंतर ३. पॅकेट हातात आलेला नोड फक्त एवढंच करतो: माझ्या शेजाऱ्यांपैकी कुणाचं अंतर सगळ्यात कमी आहे? त्याला द्या. झाडावरची फांदी नेहमी असतेच, त्यामुळे प्रत्येक पावलाला अंतर कमी होणार याची खात्री असते. आणि झाडाबाहेरचा एखादा शेजारी जवळचा निघाला तर आडवाटेने पटकन जाता येतं. प्रत्येकाने फक्त शेजाऱ्यांचे निर्देशांक ठेवायचे, अख्ख्या नेटवर्कचे नाहीत.

ओळखीचं वाटलं ना? सुरुवातीचे आकडे बघून दिशा ठरवायची. हा पिनकोडच आहे! फरक एवढाच की तो दिल्लीहून कुणी वाटलेला नाही. जोडण्यांच्या रचनेतून तो आपोआप उगवतो आणि रचना बदलली की बदलतो. किल्लीवरून आलेला पत्ता म्हणजे कायमचं नाव, आणि झाडावरचे निर्देशांक म्हणजे आजचं ठिकाण. शॉक यांनी वेगळ्या केलेल्या गोष्टी इथे खरोखर वेगळ्या झाल्या.

पण मग नावावरून आजचं ठिकाण कोण सांगणार? मोबाइल नंबरचा विचार करा. पूर्वी नंबरचे सुरुवातीचे आकडे बघून कंपनी आणि सर्कल कळायचं. २० जानेवारी २०११ पासून देशभर नंबर तोच ठेवून कंपनी बदलता यायला लागली आणि नंबर हे नुसतं नाव झालं. मग तो नंबर सध्या कुणाकडे आहे हे सांगणारा डेटाबेस लागतो. मेशमध्ये असा मध्यवर्ती डेटाबेस ठेवणं म्हणजे ज्यापासून पळालो तेच परत आणणं.

यग्द्रासिलच्या आधीच्या आवृत्त्यांनी हा डेटाबेस सगळ्या नोडमध्ये वाटून ठेवला होता. त्यात एक गोम असते. किल्ल्यांच्या क्रमात शेजारी असलेले दोन नोड प्रत्यक्षात दहा हॉप लांब असू शकतात, त्यामुळे एक साधी चौकशीही नेटवर्कभर भटकून येते. २०२३ च्या ०.५ आवृत्तीत पद्धत बदलली. आता प्रत्येक नोड झाडाच्या प्रत्येक फांदीसाठी एक ब्लूम फिल्टर ठेवतो. ब्लूम फिल्टर म्हणजे 'या बाजूला ही किल्ली आहे का?' या प्रश्नाला 'नक्की नाही' किंवा 'असू शकेल' असं उत्तर देणारी छोटीशी यादी. चौकशी फक्त 'असू शकेल' असलेल्या फांद्यांवर जाते. कधी चुकीच्या फांदीवरही जाते, तेवढा फटका सोसायचा.

झाडाचे तोटेही समजून घ्या. दोन नोड प्रत्यक्षात जवळ असले तरी झाडाच्या वेगळ्या फांद्यांवर असतील आणि मधली आडवाट नसेल, तर पॅकेटला मुळाच्या दिशेने वळसा पडतो. मूळ नोड गेला की नवं मूळ ठरतं आणि सगळ्यांचे निर्देशांक बदलतात. कायम वीज असलेल्या नोडमध्ये हे क्वचित होतं. खिशातल्या फोनमध्ये सतत होईल. शिवाय कुणी मुद्दाम कॉम्प्युटर जुंपून मूळ होण्याजोगी किल्ली शोधली आणि तो नोड सारखा चालू-बंद करत बसला, तर सगळ्यांना त्रास देऊ शकतो.

किंमत कुठेतरी द्यावीच लागते

तिन्ही उपाय शेजारी ठेवले की एक गोष्ट दिसते. पत्त्यातून ठिकाण काढून टाकलं की ते नाहीसं होत नाही, दुसरीकडे साठवावं लागतं. फ्लडिंगमध्ये त्याची किंमत हवेतल्या वेळेत दिली, बॅटमॅन आणि बेबेलमध्ये टेबल आणि हजेरीत दिली, झाडात लांब रस्त्यात आणि चौकशीत दिली.

हा नुसता अनुभव नाही, गणितानेही दाखवलेलं आहे. पत्ते ठिकाणाशी असंबद्ध असोत की खास रचलेले, कुठल्याही आकाराच्या नेटवर्कमध्ये प्रत्येक रस्ता सगळ्यात जवळच्या रस्त्याच्या तिपटीच्या आतच राहील अशी हमी हवी असेल, तर काही नेटवर्कमध्ये टेबल नोडच्या संख्येच्या प्रमाणात वाढवावंच लागतं. तिपटीपर्यंतचा वळसा चालत असेल तर टेबल बरंच लहान, साधारण वर्गमुळाइतकं, ठेवता येतं. थोरप आणि झ्विक यांनी २००१ साली तशी पद्धत मांडली.

वायरलेसची अडचण तर आणखी खोल आहे. गुप्ता आणि पी. आर. कुमार यांनी २००० साली दाखवलं की नोड वाढत गेले तसा प्रत्येकाच्या वाट्याला येणारा वेग घटत जातो, कारण प्रत्येक जण स्वतःपेक्षा दुसऱ्यांचेच निरोप वाहत बसतो. १०० पट नोड झाले तर प्रत्येकाचा वेग दहाव्या हिश्श्याच्याही खाली जातो. राउटिंग कितीही हुशार असलं तरी यातून सुटका नाही. लांबचे निरोप वाहायला कुठेतरी फायबर किंवा थेट रोखलेल्या अँटेना लागतातच.

कॅटलोनियातलं ग्वीफी डॉट नेट हे याचं चांगलं उदाहरण. २००४ साली सुरू झालेलं हे लोकांचं नेटवर्क हजारो नोडपर्यंत पोचलं. तिथे पत्ते किल्लीवरून बनत नाहीत, सामाईक नोंदवहीतून वाटले जातात आणि मोठ्या जोडण्यांवर इंटरनेटचाच बीजीपी चालतो. मालकी विकेंद्रित, पण पत्त्यांचं वाटप एका जागी. शुद्धतावाद्यांना हे खटकेल, पण नेटवर्क चालतंय.

मग तुम्ही काय निवडाल?

मी दिवसा सर्व्हरवरचं सॉफ्टवेअर लिहितो आणि हे प्रोटोकॉल फावल्या वेळात लॅपटॉपवर चालवून बघतो. त्यावरून माझं मत असं:

एखादी वाडी, कॉलेज किंवा सोसायटी असेल, नोड भिंतीवर बसवलेले आणि पन्नास-शंभरच्या आत असतील, तर बॅटमॅन-अ‍ॅडव्हान्स्ड किंवा बेबेल. उगाच हुशारी नको.

ट्रेकचा ग्रुप किंवा पूरस्थितीतली बचाव पथकं असतील, निरोप छोटे आणि माणसं फिरती असतील, तर लोरा आणि फ्लडिंग. पण 'मी इथे आहे' सांगण्याची वेळ लांबवा आणि हॉपची संख्या गरजेपेक्षा वाढवू नका. आधी केलेला ६६० सेकंदांचा हिशेब आपल्या नोडच्या संख्येवर करून बघा.

वेगवेगळ्या गावांतली, देशांतली स्वतःची यंत्रं कायमच्या पत्त्याने जोडायची असतील, तर यग्द्रासिलसारखं काहीतरी. ते आत्ताच्या इंटरनेटवरूनही चालतं.

आणि कुणी 'आमचं मेश लाखो लोकांना इंटरनेटशिवाय जोडेल' असं सांगितलं तर तीन प्रश्न विचारा. पत्ता कोण देतं? प्रत्येक नोडला बाकीच्या किती नोडची माहिती ठेवावी लागते? आणि कुणीच काही बोलत नसताना हवेत किती गोंगाट असतो? या तिन्हींची आकड्यांत उत्तरं मिळाली तर पुढे बोलण्यात अर्थ आहे.

स्वतः बघायचं असेल तर पैसे खर्च करायची गरज नाही. लिनक्समधल्या नेटवर्क नेमस्पेस वापरून एकाच लॅपटॉपवर वीस-तीस नोड उभे करता येतात. त्यांच्यात बेबेल चालू करा, मग मधली एक जोडणी तोडा आणि रस्ते कसे बदलतात ते टेबलमध्ये बघा. नंतर तेच नोड दुप्पट करा आणि कुणीही काही न पाठवता किती पॅकेट धावतात ते मोजा.